सरकारमान्य चप्पल

आमच्या घरात जीव मारायचा नाही, असा नियम आहे. नियम आईचा. मुंग्यांची रांग लागली तर हळदीची रेघ ओढून त्यांची वाट वळवायची. कोळी दिसला तर त्याला केरसुणीवर बसवून खिडकीबाहेर पोचवायचा. पालीला नुसतं 'शुक्' म्हणायचं, ती समजूतदार असते. झुरळ या नियमात येत नाही. झुरळाला आई जीव मानत नाही.

अशी ही आई दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी चिपळूणहून अमेरिकेत, जर्सी सिटीला आली. हाइट्स भागातल्या आमच्या घरापुढे गाडी थांबली, आई उतरली, नातवाला जवळ घ्यायला तिने दोन्ही हात पसरले, आणि नऊ वर्षांचे आमचे चिरंजीव ओरडले, "आज्जी, हलू नकोस!"

आज्जी हलली नाही. चिरंजीवांनी तिच्या डाव्या पायापासून चार बोटांवर जोडउडी मारली, टाच दोनदा गोल फिरवली, आणि मग तिला वाकून नमस्कार केला.

"काय होतं रे ते?"

"लँटर्नफ्लाय. आजची बारावी."

"आणि मारायला कोणी सांगितलं तुला?"

"गव्हर्नमेंटने."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, कारण पोरगं खरं बोलत होतं. न्यू जर्सीच्या शेती खात्याने नागरिकांना हेच सांगितलेलं आहे: दिसली की चिरडा. एरवी इथलं सरकार गवतावर पाय ठेवायलाही बंदी करतं. तेच सरकार आपण होऊन 'पाय ठेवा' म्हणतंय म्हटल्यावर लोकांनीही मागेपुढे पाहिलं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जर्नल स्क्वेअरच्या फुटपाथवर कोट-टाय घातलेली माणसं मधेच दोन पावलं लेझीम खेळल्यासारखी उडतात आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने स्टेशनात शिरतात. नवख्या माणसाला वाटावं, गावाला काहीतरी झालंय.

या लँटर्नफ्लायला मराठीत कंदीलमाशी म्हणावं लागेल, पण ती माशी नाही आणि तिच्यात कंदीलही नाही. आहे ती रस पिणारी, उड्या मारणारी एक इंचभर कीड. बसलेली असताना राखाडी अंगावर काळे ठिपके, पंखांच्या टोकाला बारीक जाळी. एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या सुती साडीसारखी. पण उडायला पंख उघडले की आतून लालभडक निघते, त्यावरही काळे ठिपके, आणि पोट पिवळं. आईने दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात धरून तिचं बराच वेळ निरीक्षण केलं आणि म्हणाली, "वरून बिचारी दिसते, आतून खणाचं पोलकं घातलंय बघ." त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव खणवाली. शास्त्रीय नाव 'लायकोर्मा डेलिकॅट्युला' आहे, म्हणजे नाजूक. नाव ठेवणाऱ्याने तिला वेलीवर शेकड्याने बसलेली पाहिलं नसावं.

ही बाई मूळची चीनची. अमेरिकेत ती पहिल्यांदा सापडली २०१४ मध्ये, शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बर्क्स काउंटीत. बाहेरून आलेल्या दगडांच्या मालाला चिकटून तिची अंडी आली असावीत, असं मानतात. २०१८ मध्ये तिने न्यू जर्सीत पाऊल टाकलं. पण मला खरी मजा वाटते ती तिच्या आवडत्या झाडाची. त्या झाडाचं नाव 'ट्री ऑफ हेवन', स्वर्गवृक्ष. तेही चीनचंच. १७८४ मध्ये विल्यम हॅमिल्टन नावाच्या हौशी बागवाल्याने ते शोभेसाठी फिलाडेल्फियात आणून लावलं. म्हणजे झाड आधी येऊन राहिलं, त्याने सगळ्या पूर्व किनाऱ्यावर हातपाय पसरले, आणि त्याच्यावर जगणारी कीड बरोबर २३० वर्षांनी त्याच राज्यात येऊन पोचली. एवढा चिवट नातेवाईक आमच्याही घराण्यात नाही, आणि आमच्या घराण्यात लग्नाची पत्रिका न मिळताही नागपूरहून आलेली माणसं आहेत.

आमच्या कुंपणापलीकडे, दोन घरांमधल्या बेवारस फटीत, असा एक स्वर्गवृक्ष आहे. तो कोणी लावलेला नाही. तो कोणी लावत नाही. फुटपाथच्या भेगेत, पत्र्याच्या छपरावर, रेल्वेच्या रुळांशी, जिथे म्हणून काही उगवू नये तिथे तो उगवतो. चुरगाळलेल्या पानाला खवट शेंगदाण्यासारखा वास येतो. आईने पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि म्हणाली, "हा तर आपल्या महारुखाचा कोणीतरी लागतो." मी हसलो. रात्री पाहिलं तर महारुख आणि हे झाड एकाच वंशातले, 'एलँथस'. आईचं वनस्पतिशास्त्र जुन्या अकरावीपर्यंतचं आहे. माझ्याकडे दोन पदव्या आहेत आणि मी त्या झाडाला सात वर्षं अक्रोड समजत होतो.

आता आमच्या बागेविषयी. जर्सी सिटीत जुन्या घरांचे प्लॉट पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट लांब, फूटपट्टीसारखे. त्यावर घर बांधून मागे जे उरतं त्याला इथे बॅकयार्ड म्हणतात. कोकणात तेवढ्या जागेला न्हाणीघराची मागची बाजू म्हणतील. पण तेवढ्यात आमच्या आधीच्या मालकाने लाकडी मांडव घालून द्राक्षाचा वेल चढवलेला होता. द्राक्षं आंबट, साल जाड, बिया छर्‍यांएवढ्या. पण 'आमच्याकडे द्राक्षाचा मांडव आहे' हे फोनवर सांगायला छान वाटतं. घरापुढे फुटपाथवर एक मेपल. पायरीवर उन्हाळ्यापुरती बाहेर काढलेली तुळस आणि कढीपत्ता. शेजारी ऐंशी उलटलेले इटालियन आजोबा, आणि त्यांचं अंजिराचं झाड. ते झाड त्यांच्या वडिलांनी इटलीहून फांदी आणून लावलेलं. थंडी आली की आजोबा त्याच्या फांद्या दोरीने आवळतात, भोवती गोणपाट आणि जुनी पांघरुणं गुंडाळतात आणि शेंड्यावर प्लास्टिकची बादली पालथी घालतात. जानेवारीच्या बर्फात ते झाड घोंगडी पांघरून कोर्टाच्या तारखेला आलेल्या पक्षकारासारखं दिसतं.

खणवालीला यातलं सगळ्यात जास्त काय आवडावं? द्राक्ष. तिची सोंड सुईसारखी असते. ती वेलात खुपसून ती रस ओढते, आणि एवढा ओढते की त्यातली साखर तिला पचत नाही. ती जास्तीचं गोड पाणी मागच्या मागे सोडून देते. शेकडो जणी एकदम हे करायला लागल्या की मांडवाखाली उन्हातही तुषार पडतात. फरशीवर, खुर्च्यांवर, तुळशीच्या पानांवर चिकटा. चिकट्याला मुंग्या, मुंग्यांमागून गांधीलमाश्या, आणि चार दिवसांनी त्या सगळ्यावर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी. एकदा मी सकाळी मोज्यांनिशी मांडवाखालून चालत गेलो. पाय पुढे गेला, मोजा तिथेच राहिला.

आईने ताबडतोब गुहागरला फोन लावला. तिथे माझा मामा असतो. मामाकडे हापूसची साठेक कलमं आणि जगातल्या कुठल्याही झाडाविषयी मत आहे.

"जवळ धर," मामा म्हणाला. "आणखी जवळ. अरे, तुझं तोंड नव्हे, किडा."

मी किडा धरला.

"तुडतुडा."

"मामा, तुडतुडा तिळाएवढा असतो. हा इंचभर आहे."

"अमेरिकेत काय बारीक असतं? माणसं बघ तिथली. तुडतुडाच तो, खाऊन माजलाय. मोहोरावर असाच चिकटा पाडतो, मग मोहोर काळा. तू बिव्हेरिया मार."

मी हे हसण्यावारी नेलं. बिव्हेरिया ही बुरशी. कीटकांच्या अंगावर उगवते आणि त्यांना आतून संपवते. आपल्याकडे शेतकऱ्याच्या दुकानात तिची भुकटी पाकिटात मिळते. पण पुन्हा रात्री वाचायला बसलो तर दोन गोष्टी कळल्या. एक, आंब्याचा तुडतुडा आणि ही खणवाली खरोखरच एकाच मोठ्या कुळातल्या, दोघींची सोंड आणि दोघींचे धंदे सारखे. दोन, २०१८ मध्ये बर्क्स काउंटीतच खणवाल्या पटापट मरून पडलेल्या आढळल्या, तेव्हा कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं की दोन बुरश्यांनी त्यांना मारलंय. त्यातली एक बिव्हेरिया. मी हे मामाला कळवलं. मामाने उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र पाठवलं. ते त्याने मला जोडले होते की स्वतःला, ते अजून ठरलेलं नाही.

बिव्हेरिया इथे घरगुती बागेसाठी शोधून आणण्यात दोन आठवडे गेले असते. तोपर्यंत आईने स्वतःचा दवाखाना उघडला. पहिला प्रयोग लसूण-मिरचीच्या अर्काचा. चिपळूणला तो चुलीवर, मागच्या अंगणात उकळतात. आमच्याकडे तो बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीवर उकळला. दहाव्या मिनिटाला धुराचा भोंगा वाजला, विसाव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरचे भाडेकरू रुमाल तोंडाला लावून जिन्यात उभे राहिले. अर्क फवारल्यावर खणवाल्या एक उडी मागे सरकल्या, आणि मग पुन्हा जागेवर आल्या. बायकोचं म्हणणं, त्यांना चव आवडली.

दुसरा प्रयोग दशपर्णी अर्काचा ठरला. त्याला दहा झाडांचा पाला लागतो. आई यादी सांगत गेली आणि मी लिहून घेतली: कडुनिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, रुई, एरंड, पपई, घाणेरी, कण्हेर, गुळवेल. ती यादी घेऊन आम्ही नेवार्क अव्हेन्यूवर गेलो. इथल्या दोन गल्ल्यांत तुम्हाला ओलं खोबरं मिळेल, ताजा अळू मिळेल, पूजेची सुपारी आणि लग्नाचा फेटा मिळेल. पण दहापैकी पाला म्हणावा तर शून्य. पपई होती, पान नव्हतं. सीताफळ होतं तेही रबडीच्या डब्यावर छापलेलं. दुकानदाराने यादी दोनदा वाचली आणि अदबीने विचारलं, "माताजी, किस भगवान को चढ़ता है ये?"

मग मी चिकट पट्टी आणली. झाडाच्या खोडाला गुंडाळायची, बाहेरच्या बाजूला गोंद. पिल्लं खोडावरून चढता चढता चिकटतात. जाणकार एक सूचना आवर्जून देतात: पट्टीभोवती बारीक तारेची जाळी लावा, नाहीतर पक्षी आणि खारी अडकतात. माझ्यासारख्याला अशा सूचना नंतर सापडतात. पट्टी लावून मी ती इटालियन आजोबांना कौतुकाने दाखवत होतो आणि बोलता बोलता मेपलला रेललो. पहिल्या दिवशीचा हिशेब: खणवाल्या अकरा, एक पान, आणि माझा स्वेटर. आजोबांनी आणि आईने मला दोन बाजूंनी धरून सोडवलं. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर कळत नाही, पण त्या क्षणापासून त्यांचं माझ्याविषयी एकमत आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर चिमणीचं एक पीस दिसलं. आईने पट्टी काढायला लावली. मग मी तिला दुसऱ्या सापळ्याचं चित्र दाखवलं: खोडाभोवती जाळीचा घागरा लावायचा, त्याच्या वरच्या टोकाला एक बाटली. खणवालीला वर चढायची सवय असते. चढत चढत ती घागऱ्यात शिरते, अरुंद होत जाणाऱ्या वाटेने बाटलीत पोचते आणि खाली उतरायचं तिला सुचत नाही. पक्ष्यांना काही धोका नाही. आईने चित्र पाहिलं, माळ्यावरची जुनी मच्छरदाणी मागवली, दुपारभर बसून हाताने शिवण घातली, दुधाचा रिकामा कॅन वर ओवला, आणि कमरेला, म्हणजे मेपलच्या, आपल्या परकराची नाडी बांधली. सप्टेंबरभर आमच्या गल्लीतून जाणारी कुत्री थांबून त्या झाडाकडे बघत असत. सापळा मात्र उत्तम चालला. रोज सकाळी कॅन भरलेला.

"आता हे मारणं नाही का?" मी विचारलं.

"मी कुठे मारत्ये? ती आपल्या पायांनी आत जाते. कर्म तिचं."

इथपर्यंत तिचा नियम शाबूत होता. तो मोडला तो तिच्या जावेमुळे, म्हणजे एडिसनच्या माझ्या काकूमुळे. काकू बोलता बोलता म्हणाली, "आमच्याकडे जपानी भुंगेरेही येतात हो, गुलाब खाऊन टाकतात." आईला वाटलं काकू नेहमीप्रमाणे आपल्यापेक्षा एक किडा जास्त सांगते आहे. पण ते खरं आहे. जपानी भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोच आमच्या राज्यात, १९१६ मध्ये, रिव्हरटन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत. त्याची अळी म्हणजे आपल्या उसातल्या हुमणीची बहीण, जमिनीत राहून मुळं खाणारी. त्याच्यासाठी वासाचे सापळे मिळतात. हे सापळे इतके गुणी आहेत की पकडतात त्यापेक्षा जास्त भुंगेरे लांबलांबून बोलावून आणतात. काकूने हे ओळखून तो सापळा कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला वाढदिवसाला भेट दिला. त्याचा कुत्रा रात्री भुंकतो.

"म्हणजे तुम्ही मारता?" आईने विचारलं.

"साबणाच्या पाण्यात टाकते. रोज सकाळी, चहाच्या आधी."

जाऊ चहाच्या आधी करते ते आपल्याला जमू नये, हे आईला सहन होण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी तिने पायातली चप्पल काढून हातात घेतली.

चपलेचं एक तंत्र आहे. खणवाली पुढे उडी मारते, मागे मारत नाही. म्हणून तिला समोरून गाठायचं. पहिली उडी लांब, दुसरी त्याहून आखूड, चौथ्या उडीला दम लागतो. माझ्यासारखंच. चिरंजीवांचं तंत्र वेगळं: पाण्याची रिकामी बाटली अलगद तिच्या तोंडावर धरायची, ती घाबरून उडते ती थेट बाटलीत. फ्रिजवर दोघांचा हिशेब लावलेला होता. नातवाच्या रकान्यात आकडे, आज्जीच्या रकान्यात काट मारलेल्या उभ्या रेघा, दूधवाल्याच्या हिशेबासारख्या.

आणि मग गणपती आले. न्यू जर्सीत गणपती आणि खणवालीचा भर हंगाम एकाच वेळी येतो, याला कोणाचा इलाज नाही. मखर मी प्लायवूडचं स्वतः केलं होतं. माणसं चाळीस, गुरुजींची वेळ साडेअकराची, त्यांना एकला दुसरीकडे पोचायचं. आरती ऐन भरात आली आणि दूर्वांच्या जुडीतून एक खणवाली बाहेर आली. ती तबकावर चढली, तिथून मखरावर, आणि बरोबर मूर्तीच्या डोक्यावर येऊन थांबली. पंख उघडून. लालभडक. मागच्या एका पाहुण्यांनी 'वा, जास्वंद काय सुंदर आहे' असं म्हटल्याचंही ऐकू आलं.

टाळ्या चालू होत्या. सगळ्यांचे डोळे तिच्यावर आणि सगळ्यांचे पाय अनवाणी. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आईने गुरुजींकडे. गुरुजींनी एक हात न थांबवता घंटा वाजवत दुसऱ्या हाताने कोपऱ्यातली पाण्याची बाटली पुढे सरकवली. पोराने ती धरली, खणवाली उडाली, टोपण लागलं. एक ठेका चुकला नाही. मंत्रपुष्पांजली झाल्यावर गुरुजींनी उपरणं सारखं करत त्याला हळूच विचारलं, "कितवी?"

"दोनशे चौदावी."

"शाब्बास. माझ्या अंगणातही मेपलचं झाड आहे, एकदा ये."

विसर्जन बादलीत झालं. मखराला दूध-पंचामृत सांडून चिकट डाग पडले होते, म्हणून ते धुतलं आणि वाळायला मागच्या अंगणात उभं केलं. ते तिथे दसऱ्यापर्यंत राहिलं. मग मी ते पत्र्याच्या खोपीत ठेवून दिलं. ही माहिती मी सहज म्हणून देत नाहीये.

ऑक्टोबरात आजोबा अंजीर बांधायला आले तेव्हा आईने त्यांना दोरी धरली. बोलता बोलता, म्हणजे ते बोलता बोलता आणि आई मान डोलावता डोलावता, त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवून एक जुनी गोष्ट सांगितली. २००२ मध्ये, याच ऑक्टोबर महिन्यात, जर्सी सिटीत एक वेगळाच भुंगा सापडला होता. काळा, अंगावर पांढरे ठिपके, अंगापेक्षा लांब मिशा. तोही चीनचा, मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. त्याची अळी मेपलचं लाकूड आतून पोखरत जाते, आणि भुंगा बाहेर पडतो तेव्हा खोडाला दहा सेंटच्या नाण्याएवढं गोल भोक पडतं. त्याला औषधाची फवारणी पोचत नाही. तो आत असतो. तेव्हा सरकारी माणसांनी या शहरातली आणि शेजारच्या होबोकनची शेकडो झाडं तोडली, त्यांचा भुगा केला, आणि उरलेल्या झाडांच्या खोडांत औषध टोचलं. गल्ल्याच्या गल्ल्या बोडक्या झाल्या, आजोबा म्हणाले. न्यू जर्सी राज्य त्या भुंग्याच्या तावडीतून सुटलं असं जाहीर व्हायला २०१३ साल उजाडलं. आमच्यासमोरचा मेपल त्यानंतर लावलेला.

मी आईला हे मराठीत सांगितलं. तिने अंजिराच्या गोणपाटाची गाठ मारली आणि म्हणाली, "भिरूड. आमचे अण्णा माडाच्या शेंड्यावर चढून गेंड्या भुंगा तारेच्या आकड्याने बाहेर ओढायचे. अर्धा दिवस एका माडाला. वर बसून शिव्या द्यायचे, त्या खाली ऐकू यायच्या." थोडं थांबून ती म्हणाली, "तेव्हा माड बारा होते. माणूस एक पुरायचा."

नोव्हेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि सगळ्या खणवाल्या एका आठवड्यात मेल्या. चिरंजीवांनी विजय जाहीर केला. अंतिम आकडा सहाशे सात, आज्जीच्या रेघा धरून. फ्रिजवरचा कागद आम्ही फ्रेम करायचं ठरवलं. तेव्हा आई मेपलच्या खोडाला नाक लावून उभी होती.

"हे काय आहे रे?"

खोडावर चिखलाचा वाळलेला शिपका. बोटाएवढा, भेगा गेलेला, मुलाने हात पुसल्यासारखा. त्याच्याखाली गव्हाच्या दाण्यांसारखी अंडी, ओळीने. एका शिपक्यात तीस ते पन्नास. सहाशे सात भागिले चाळीस, हा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि फ्रेम करायचा विचार सोडला. तीन महिने चाललेला आमचा सगळा पराक्रम पंधरा शिपक्यांचा होता. आईने तेवढे शिपके एका खोडावर, एका बाजूला मोजले.

यावर उपाय एकच, आणि त्यात काही मर्दुमकी नाही. थंडीत बाहेर जायचं, प्लास्टिकचं जुनं कार्ड शिपक्याच्या कडेला लावायचं, दाबून खरवडायचं, खाली पिशवी धरायची, पिशवीत हात धुवायचं ते अल्कोहोलचं जेल घालायचं, पिशवी बांधून कचऱ्यात. एवढंच. उडी नाही, आकडा नाही, ओरडणं नाही. चिरंजीव पाच मिनिटांत कंटाळले. मी मीटिंग आहे म्हणून आत आलो, आणि ती खरोखरच होती. आईने माझ्या पाकिटातलं मुदत संपलेलं डेबिट कार्ड घेतलं आणि डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने रोज दुपारी, स्वेटरवर माझं जाकीट, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी अशा अवतारात ती खरवडत राहिली. आमचा मेपल झाला, मांडव झाला, कुंपण झालं, आजोबांचं अंजीर बांधलेलं म्हणून त्यांची बाकं आणि कुंड्या झाल्या. बहुतेक अंडी हात पोचतो त्याच्या वर असतात हे मी तिला वाचून दाखवलं. "मग हात पोचतो तिथपर्यंत तरी करूया," ती म्हणाली, आणि मला शिडी धरायला लावली. आजोबा खिडकीतून बोट दाखवून डावं-उजवं सांगायचे. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला सुक्या अंजिरांची पिशवी दिली, तिने त्यांना तिळाचे लाडू दिले, आणि दोघं आपापल्या भाषेत बराच वेळ बोलली.

मे महिन्यात मी खोपी उघडली. गवत कापायचं यंत्र काढायचं होतं. मखर भिंतीला टेकून उभं होतं, जसं ठेवलं तसं. पुढून सोनेरी नक्षी स्वच्छ. ते बाजूला सारलं, तर मागच्या प्लायवूडवर चार शिपके, आणि शिपक्यांतून मिरीच्या दाण्याएवढी, काळी, पांढऱ्या ठिपक्यांची पिल्लं रांगेने वर चढत होती. वर चढायची सवय असते ना. कळसावर जाऊन तिथून एकेक माझ्या बाहीवर.

मी चिरंजीवांना हाक मारली आणि चिपळूणला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"मखर नाही बघितलंस?"

"नाही."

"मीही नाही बघितलं," ती म्हणाली. "देवाची वस्तू म्हणून हात लावला नाही."

"ते कार्ड कुठे ठेवलंयस तू? सापडत नाही."

"आता कार्डाचा काय उपयोग, अंडी फुटली. आता चप्पल घ्या." फोन हलला, चित्रात आमच्या परसातली जास्वंद आली, आणि तिच्या खोडावरचा पिठ्या ढेकूण सरासरा खरवडणारं निळं कार्ड. त्यावर इंग्रजीत माझं नाव, आणि मुदत संपल्याची तारीख. "शिवाय हे इथे लागतं मला."

मागून दोन पायांची जोडउडी ऐकू आली.

"एक!" चिरंजीव ओरडले.